माइंडफुलनेस शिकवणारा समुपदेशक: त्याची स्वतःची वाट का विचारावी?

"डॉक्टर, मुलाला गोळ्या देण्यापेक्षा ध्यानाला घातलं तर चालेल का?" मानसोपचाराच्या ओपीडीत हा प्रश्न हल्ली वरचेवर येतो. त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो: "एक मॅडम माइंडफुलनेसचं समुपदेशन करतात म्हणे. त्यांच्याकडे नेऊ का?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर आजारावर अवलंबून आहे. दुसऱ्याचं उत्तर आजाराइतकंच त्या मॅडमवर अवलंबून आहे. त्या हे कुठे शिकल्या, स्वतः किती वर्षं करतात आणि ध्यानाखेरीज त्यांना आणखी काय येतं, हे कळल्याशिवाय सांगता येत नाही. रक्तदाबाची गोळी कोणी लिहून दिली यावर तिचा परिणाम फारसा बदलत नाही. समुपदेशनात मात्र समोर बसलेला माणूस हाच उपचाराचा मोठा भाग असतो.

माइंडफुलनेस, म्हणजे सजगता, हा प्रकार थोडक्यात असा आहे. आत्ता जे घडतंय, म्हणजे श्वास, अंगातली संवेदना, मनात आलेला विचार, बाहेरचा आवाज, त्याकडे मुद्दाम लक्ष द्यायचं आणि ते चांगलं की वाईट असा निवाडा लगेच करायचा नाही. पाली भाषेत यासाठी 'सति' हा शब्द आहे. आपल्याकडे विपश्यना आणि आनापान हे शब्द अनेक घरांत ओळखीचे आहेत. बौद्ध घरांत ते विहारातून आले, आणि राज्यातल्या कितीतरी मुलांनी शाळेतल्या 'मित्र उपक्रमा'त आनापान केलेलं आहे. त्यामुळे "हे काहीतरी परदेशी खूळ" असं म्हणणारे सोलापुरात कमीच भेटतात. उलट अडचण येते ती जास्त ओळखीची. ध्यान म्हणजे चांगलंच, मग ते कोणीही शिकवलं तरी चालेल, असं आपण धरून चालतो.

माइंडफुलनेस दवाखान्यात आणणारी माणसं स्वतः कोणत्या वाटेने तिथे पोहोचली, हे पाहिलं की आपल्या गावातल्या समुपदेशकाला काय विचारायचं ते आपोआप कळतं.

इगतपुरीची वाट: डोकेदुखीसाठी आलात तर नको

सत्यनारायण गोएंका यांचा जन्म १९२४ साली ब्रह्मदेशातल्या मंडाले शहरात, मारवाडी व्यापारी कुटुंबात झाला. तरुणपणीच मोठे उद्योजक झालेल्या गोएंकांना मायग्रेनचे भयंकर झटके येत. झटका आला की मॉर्फिनचं इंजेक्शन घ्यावं लागे. युरोप, अमेरिका, जपान असं फिरून उपचार केले, पण गुण आला नाही, आणि मॉर्फिनची सवय लागायची भीती होती ती वेगळीच. अखेर एका मित्राच्या सल्ल्याने ते १९५५ साली रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. हे गुरू संन्यासी नव्हते. स्वतंत्र ब्रह्मदेशाचे ते पहिले अकाउंटंट जनरल होते आणि नोकरी सांभाळून ध्यान शिकवत.

डोकेदुखी बरी व्हावी म्हणून शिकायचं आहे, हे ऐकल्यावर ऊ बा खिन यांनी त्यांना आधी नकारच दिला. ही विद्या मन शुद्ध करण्यासाठी आहे, शरीराचा आजार बरा करण्यासाठी तिचा वापर करायला आलात तर तिची किंमत कमी होते, असं त्यांचं म्हणणं होतं. आजार गेला तर तो आनुषंगिक फायदा. गोएंकांनी ते मान्य केलं, शिबिर केलं, आणि पुढे चौदा वर्षं गुरूंजवळ राहून शिकले. १९६९ साली शिकवण्याची परवानगी घेऊन ते भारतात आले. त्याच वर्षी जुलैत मुंबईतल्या एका धर्मशाळेत त्यांचं पहिलं शिबिर झालं. इगतपुरीचं धम्मगिरी केंद्र १९७६ पासूनचं. २०१३ साली मुंबईत त्यांचं निधन झालं.

ही गोष्ट रुग्णांच्या नातेवाइकांना मी सांगतो तेव्हा ते अर्धीच लक्षात ठेवतात: मायग्रेन ध्यानाने गेला. उरलेली अर्धी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. शिकवणाऱ्याने पहिल्याच भेटीत सांगितलं की हा दवाखाना नाही. गोएंकांनीही स्वतःला कधी थेरपिस्ट म्हणवलं नाही. विपश्यना केंद्राच्या नियमावलीत आजही लिहिलेलं आहे की गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी बरं होण्याच्या आशेने शिबिराला येऊ नये. अर्जात मानसिक आजार आणि चालू औषधांची माहिती विचारलेली असते. ती खरी भरायची असते, हे आपल्याकडे पुष्कळांना सांगावं लागतं. "लिहिलं तर घेणार नाहीत" म्हणून लपवणारे पालक असतात, आणि त्याचा भुर्दंड मुलाला पडतो.

तळघरातली वाट: डॉक्टरांनी हात टेकलेले रुग्ण

याच परंपरेचा एक धागा अमेरिकेत गेला. मॅसॅच्युसेट्स राज्यात बॅरी नावाच्या छोट्या गावी १९७० च्या दशकात एक ध्यानकेंद्र सुरू झालं. त्याच्या संस्थापकांपैकी शॅरन साल्झबर्ग यांनी आपलं पहिलं शिबिर १९७१ साली बोधगयेत गोएंकांकडेच केलं होतं. १९७९ साली त्या केंद्रात शिबिराला बसलेल्यांमध्ये जॉन कबॅट-झिन होते. एमआयटीतून रेण्वीय जीवशास्त्रात पीएचडी, विद्यार्थिदशेपासून झेन ध्यान आणि योगासनांचा सराव. पुढे आयुष्यात काय करावं हा प्रश्न त्यांना बरेच दिवस छळत होता. त्या शिबिरात बसल्या बसल्या त्यांना सुचलं की ही गोष्ट रुग्णालयात न्यावी, धर्माचं नाव न लावता, साध्या भाषेत.

त्याच वर्षी वूस्टरच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्यांनी दहा आठवड्यांचा कार्यक्रम सुरू केला. त्यांच्याकडे पाठवले गेले ते जुनाट दुखण्याचे रुग्ण, ज्यांच्यासाठी करण्यासारखं डॉक्टरांकडे फारसं उरलेलं नव्हतं. आठवड्यातून एकदा वर्ग, घरी रोज पाऊण तास सराव. १९८२ साली त्यांनी ५१ रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ६५ टक्के रुग्णांच्या दुखण्याच्या मोजणीत एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त घट झाली होती. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून हा पुरावा कच्चाच म्हणायचा. पण दार उघडलं.

इथे एक भेद नोंदवून ठेवावा. गोएंकांच्या शिबिरात आजार हा विषयच नव्हता. कबॅट-झिन यांच्या वर्गात रुग्णाचं दुखणं हाच विषय होता, डॉक्टरांची चिठ्ठी लागत होती, आणि कोणाला घ्यायचं नाही याचा विचार आधी होत होता. ध्यान तेच, चौकट वेगळी. समुपदेशक ही चौकट बाळगतो की नाही, हे आपण पाहायचं.

तिघा संशोधकांची वाट: पुस्तकातून शिकवता येईना

मला स्वतःला सगळ्यात उद्बोधक वाटते ती ही तिसरी गोष्ट. झिंडेल सीगल टोरांटोचे, मार्क विल्यम्स वेल्समधल्या बँगोरचे आणि जॉन टीसडेल केंब्रिजचे. तिघेही वैचारिक-वर्तन उपचारपद्धतीतले, म्हणजे सीबीटीतले, नावाजलेले संशोधक. १९९० च्या दशकात ते एका प्रश्नामागे लागले होते: डिप्रेशन बरं झालेल्या माणसाला ते पुन्हा का होतं?

त्यांचं उत्तर साधारण असं होतं. ज्याला दोन-तीनदा डिप्रेशन येऊन गेलं आहे, त्याच्या मनात एक वाट पडलेली असते. एरवी कोणालाही येते तशी थोडी उदासी आली, झोप बिघडली, नोकरीत बोलणी खावी लागली, की मन त्या जुन्या वाटेवर घसरतं. "मी निकामी आहे" हा विचार येतो, मग त्याच्या पुष्ट्यर्थ दहा जुन्या आठवणी, मग "हे पुन्हा सुरू झालं" ही भीती. मन तेच तेच रवंथ करत राहतं. उदासी थांबवणं आपल्या हातात नसतं, पण रवंथ चालू झालंय हे वेळीच ओळखणं शिकता येतं. विचार हा विचार म्हणून दिसला, वस्तुस्थिती म्हणून नाही, तर घसरण थांबायची शक्यता असते.

हे शिकवायला माइंडफुलनेसचं तंत्र उपयोगी पडेल असं त्यांना वाटलं. पण तिघेही शास्त्रज्ञ. ध्यानबिन करायची गरज काय, 'लक्ष नियंत्रणाचं प्रशिक्षण' म्हणून तंत्र तेवढं उचलू, असा त्यांचा बेत होता. वूस्टरच्या शिक्षकांनी त्यांना बजावलं की स्वतः रोज सराव केल्याशिवाय हे शिकवता येणार नाही. त्यांनी ते फारसं मनावर घेतलं नाही आणि वर्ग सुरू केले. रुग्ण साधारण बरे असताना ठीक चाललं. पण वर्गात एखाद्याच्या मनात तीव्र दुःख उसळलं की हे तिघे आपल्या जुन्या सवयीने प्रश्न सोडवायला धावायचे. वूस्टरला पुन्हा गेले तेव्हा त्यांनी पाहिलं की तिथले शिक्षक घाई करत नाहीत. रडू येणाऱ्या माणसाला, ते रडू अंगात कुठे जाणवतंय ते बघायला सांगतात आणि सोबत थांबतात. ही थांबण्याची ताकद पुस्तकातून आलेली नव्हती. तेव्हा कुठे तिघांनी स्वतः सराव सुरू केला आणि कार्यक्रम नव्याने बांधला. हे सगळं त्यांनी आपल्या पुस्तकात मोकळेपणाने लिहिलं आहे.

त्यातून तयार झालेल्या पद्धतीला एमबीसीटी म्हणतात: माइंडफुलनेसवर आधारित वैचारिक उपचार. २००० साली १४५ रुग्णांवरचा त्यांचा अभ्यास आला. तीन किंवा अधिक वेळा डिप्रेशन येऊन गेलेल्यांमध्ये, नेहमीचेच उपचार घेणाऱ्या गटात साधारण वर्षभरात ६६ टक्के लोकांना आजार उलटला. एमबीसीटी घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण ३७ टक्के होतं. दोनदाच येऊन गेलेल्यांमध्ये मात्र असा फायदा दिसला नाही. २००४ पासून ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या मार्गदर्शक तत्त्वांत वारंवार येणाऱ्या डिप्रेशनसाठी या पद्धतीची शिफारस आहे.

आणि एका रुग्णाची वाट

समुपदेशकाने स्वतः आजार भोगलेला असावा का? मार्शा लिनेहन यांची हकीकत इथे कामी येते. १९६१ साली, सतरा वर्षांच्या असताना, त्यांना अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहरातल्या मनोरुग्णालयात दाखल केलं. स्वतःला इजा करून घेणं थांबत नव्हतं. दोन वर्षांहून अधिक काळ त्या तिथे होत्या. विजेचे झटके, एकांत खोली, भरपूर औषधं, सगळं झालं. या नरकातून मी बाहेर पडेन आणि मग इतरांना बाहेर काढेन, असा त्यांनी तेव्हा निश्चय केला होता.

पण ध्यान शिकवत सुटण्याऐवजी त्यांनी आधी नोकरी करत रात्रीच्या वर्गांना जाऊन शिक्षण पुरं केलं. १९७१ साली पीएचडी घेतली. पुढे झेन परंपरेत रीतसर साधना केली. आत्महत्येच्या उंबरठ्यावरच्या स्त्रियांना त्या उपचार देऊ लागल्या तेव्हा आपण शिकलो तसं ध्यान त्यांनी रुग्णांना सांगून पाहिलं. जमेना. डोळे मिटून बसवलं की काही रुग्ण अधिकच बेचैन होत. मग लिनेहन यांनी ध्यानाचे तुकडे केले: नुसतं निरीक्षण करणं, जे दिसतं ते शब्दांत सांगणं, हातातल्या कामात पूर्ण उतरणं. डोळे उघडे ठेवून, चालता-बोलता करता येतील अशी ही कौशल्यं झाली. त्यावर उभी राहिलेली डीबीटी ही पद्धत १९९१ मध्ये नियंत्रित अभ्यासात तपासली गेली. स्वतःच्या आजाराबद्दल त्या जाहीरपणे बोलल्या ते २०११ साली, त्याच हार्टफर्डच्या रुग्णालयात, आणि तोवर त्यांची पद्धत जगभर पोहोचली होती.

"मी ध्यानाने बरा झालो, तुम्हीही व्हाल" असं म्हणणारा माणूस भेटला की मला लिनेहन आठवतात. स्वतःचा अनुभव त्यांना रुग्णाचं दुःख ओळखायला उपयोगी पडला. इलाज मात्र त्यांनी समोरच्या रुग्णाकडे पाहून बदलला, आणि मग तो तपासून घेतला.

आपल्याकडे हे शिक्षण कसं होतं

सोलापुरात एखादा तरुण किंवा तरुणी या क्षेत्रात येते ती बहुधा मानसशास्त्रात एमए करून. त्यानंतर कोणी समुपदेशनाची पदविका घेतात, कोणी क्लिनिकल सायकॉलॉजीचं रुग्णालयातलं प्रशिक्षण घेतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, नोंदणी लागते आणि तिचा क्रमांक विचारला तर त्यांनी सांगायला हरकत नसते. मानसोपचारतज्ज्ञ हा एमबीबीएस नंतर मानसोपचारात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो आणि औषध तोच लिहितो. 'समुपदेशक' ही पाटी लावायला मात्र आजवर एकच सर्वमान्य परवाना नव्हता. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यावसायिकांच्या कायद्यात समुपदेशकांचा समावेश आहे, पण त्याची घडी बसायला वेळ लागतो आहे. तोवर चौकशी आपणच करायची.

माइंडफुलनेसचं शिक्षण या सगळ्याच्या वर येतं. ब्रिटनमध्ये शिक्षकांसाठी केलेल्या मार्गदर्शक नियमांत स्वतःचा नियमित सराव, मानसिक आरोग्याचं व्यावसायिक शिक्षण, आणि अनुभवी शिक्षकाच्या देखरेखीखाली काम, या तिन्हींची अपेक्षा आहे. शनिवार-रविवारच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र यात बसत नाही. दहा शिबिरं केलेला पण मानसिक आजार न शिकलेला साधकही बसत नाही, आणि आजारांची पुस्तकं पाठ असलेला पण स्वतः एक दिवसही न बसलेला एमएवालाही नाही.

म्हणून पहिल्या भेटीत सरळ विचारा. तुमचं शिक्षण कुठलं? हे ध्यान तुम्ही स्वतः रोज करता का, किती वर्षं? अवघड केस आली तर कोणाशी चर्चा करता? माझ्या मानसोपचारतज्ज्ञांशी बोलाल का? ध्यान करताना मला त्रास झाला तर काय कराल? आपल्याकडे डॉक्टरांना, सरांना, मॅडमना असं विचारणं उद्धटपणाचं वाटतं. चांगला समुपदेशक याने दुखावत नाही. "त्रास होतच नाही" असं उत्तर आलं तर मात्र दुसरीकडे जावं.

सोलापुरात आणखी एक गोष्ट विचारावी, ती भाषेची. पूर्व भागात घरोघरी तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडे कानडी, बऱ्याच घरांत उर्दू. छातीत होणारी धडधड, पोटातला गोळा, अंगातली कणकण, यांना माणूस आईच्या भाषेत ओळखतो. शरीराकडे लक्ष द्यायला सांगणाऱ्या सूचना शुद्ध पुस्तकी मराठीत किंवा मोबाइल अ‍ॅपवरच्या इंग्रजी आवाजात आल्या तर कित्येकांना त्या अंगापर्यंत पोहोचतच नाहीत. समुपदेशकाला सगळ्या भाषा याव्यात असं नाही, पण "तुमच्या घरी याला काय म्हणतात?" एवढं त्याने विचारायला हवं.

बैठकीत नेमकं काय होतं

पहिल्या एक-दोन भेटींत ध्यान बहुधा नसतंच. आजार कधीपासून, औषधं कोणती, दारू, झोप, घरातलं वातावरण, मरणाचे विचार येतात का, हे विचारलं जातं. हे न विचारता कोणी पहिल्याच दिवशी डोळे मिटायला सांगितलं तर ती घाई समजावी.

एमबीसीटीच्या वर्गाची सुरुवात एका मनुक्याने होते. तो हातात घेऊन बघायचा, वास घ्यायचा, जिभेवर ठेवायचा, मग सावकाश चावायचा. आपल्याकडे मनुक्याऐवजी डाळिंबाचा दाणा घ्या किंवा कडक भाकरीचा तुकडा. भाकरीचा आवाज कानात किती वेळ राहतो, ते लक्ष देऊन खाल्ल्याशिवाय कळत नाही. हा खेळ वाटतो, पण त्यातून रुग्णाला एक गोष्ट स्वतःहून उमगते: आपण बहुतेक वेळ तिथे नसतोच. हात जेवत असतो आणि मन कर्जाच्या हप्त्यात असतं.

मग येतं शरीराचं निरीक्षण. आडवं पडून पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत लक्ष फिरवायचं. विड्या वळून मान आणि बोटं आखडलेल्या बाईला, किंवा दिवसभर यंत्रमागाच्या खडखडाटात उभं राहिलेल्या माणसाला इथे दुखणंच पहिल्यांदा भेटतं, आणि "हे करून जास्त दुखायला लागलं" अशी तक्रार येते. ती खरी असते. अशा वेळी समुपदेशक वेळ कमी करतो, आडवं पडण्याऐवजी चालायला सांगतो, लक्ष दुखऱ्या भागावरून तळपायांवर नेतो. रोज पाऊण तास शांत जागा हा सल्ला दोन खोल्यांत सहा माणसं राहणाऱ्या घरात चालत नाही. तिथे तीन मिनिटांचा श्वासाचा सराव, नळाला पाणी आल्यावर घागर भरेपर्यंतचा, हा जास्त टिकतो.

सरावानंतरचं बोलणं हा या समुपदेशनाचा गाभा. काय जाणवलं, विचार कुठे गेला, तो परत आणताना स्वतःवर चिडलात का? त्या चिडण्यातच बऱ्याचदा आजाराचा धागा सापडतो. "हे आमच्या नामस्मरणासारखंच ना?" असं वारकरी घरातले लोक विचारतात, आणि इष्टलिंगपूजा करणारेही. मन एका ठिकाणी आणण्यापुरतं साम्य आहे, आणि ज्याची जी उपासना आहे ती सोडायची काहीच गरज नाही. समुपदेशनात पुढची पायरी असते. मन निसटून कुठे गेलं, तेही पाहायचं आणि त्याच्याबद्दल बोलायचं.

किती भरवसा ठेवावा, आणि कोणी थांबावं

औषधांच्या तुलनेत हे कुठे उभं राहतं? २०१५ साली 'लॅन्सेट'मध्ये ४२४ रुग्णांचा ब्रिटिश अभ्यास आला. एका गटाने डिप्रेशनची औषधं चालू ठेवली. दुसऱ्याने एमबीसीटी घेतली आणि डॉक्टरांच्या मदतीने औषधं हळूहळू कमी किंवा बंद केली. दोन वर्षांत आजार उलटण्याचं प्रमाण अनुक्रमे ४७ आणि ४४ टक्के निघालं, म्हणजे जवळजवळ सारखंच. चिंतेच्या आजारांत २०२२ साली आलेल्या अमेरिकन अभ्यासात आठ आठवड्यांचा माइंडफुलनेस कार्यक्रम एस्सिटालोप्राम या नेहमीच्या गोळीच्या तोडीचा ठरला. हे आकडे वाचून गोळ्यांची पट्टी कचऱ्यात टाकू नये. पहिल्या अभ्यासातले रुग्ण त्या वेळी बरे होते, गोळ्या डॉक्टरांनी टप्प्याटप्प्याने कमी केल्या होत्या, आणि शिकवणारे नीट तयार झालेले होते.

२०२० साली ध्यानाच्या दुष्परिणामांवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. त्यात सुमारे ८ टक्के लोकांमध्ये काही ना काही त्रास नोंदलेला होता, मुख्यतः चिंता आणि उदासी. बहुतेकांचा त्रास सौम्य असतो. पण स्किझोफ्रेनियाची लक्षणं चालू असताना, बायपोलरच्या तेजीत, आत्महत्येचे विचार तीव्र असताना, दारू नुकतीच सोडलेली असताना, किंवा मोठा आघात ताजा असताना लांब, मौनातलं ध्यान सुरू करू नये. खूप खोल डिप्रेशनमध्ये माणसाला दोन ओळी वाचायला सुचत नाहीत, तिथे ध्यान म्हणजे नापास होण्याचा आणखी एक विषय होतो. आधी औषधाने थोडं वर यावं.

दहा दिवसांच्या शिबिराबद्दल दोन व्यावहारिक गोष्टी, ज्या घरचे लोक सहसा लक्षात घेत नाहीत. तिथे पहाटे चारला उठायचं असतं, आणि बायपोलर आजारात झोप तुटणं हे तेजी सुरू व्हायचं मोठं कारण आहे. संध्याकाळी नव्या साधकांना चहा आणि फळं मिळतात, जेवण नसतं. इन्सुलिन किंवा साखर वेगाने कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या मधुमेहींनी डोस ठरवून घेतल्याशिवाय जाऊ नये. डिप्रेशनच्या गोळ्या एकदम थांबवल्या तर चक्कर, मळमळ, चिडचिड, विजेचा झटका बसल्यासारखी भावना असे त्रास होतात, आणि माणसाला वाटतं ध्यानामुळे आतली घाण बाहेर पडते आहे. तो गोळी सुटल्याचा त्रास असतो. लिथियम मनाने बंद करणं तर त्याहून धोक्याचं.

ध्यान सुरू केल्यावर रात्र रात्र झोप न लागणं, आवाज ऐकू येणं, आपण आपल्या शरीरात नाही असं सतत वाटणं, अफाट शक्ती आल्यासारखं वाटणं किंवा मरावंसं वाटणं, यांपैकी काहीही दिसलं तर सराव त्याच दिवशी थांबवा. पायी चाला, जेवा, माणसांत बसा, आणि मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, म्हणजे आपल्या सिव्हिल हॉस्पिटलच्या, मानसोपचार विभागात जाता येतं. रात्री-अपरात्री कोणी भेटत नसेल तर १४४१६ हा 'टेलि-मानस'चा क्रमांक चोवीस तास चालू असतो. फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. फोन करताना चालू औषधांची पट्टी हाताशी ठेवा, नावं तिच्यावरून वाचून सांगता येतात.